कुणी केल्यासारखा न वाटणारा धबधबा

पाणी कुठं जात होतं ते कुणालाच कळेना.

पंप चालू होता. त्याची घरघर मागच्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू येत होती. तळ्यातलं पाणी बोटाबोटानं खाली जात होतं, म्हणजे पंप ते उपसत होता यात वाद नव्हता. वर, दगडांच्या माथ्यावर, नळीच्या तोंडातून ते गुळगुळ करत बाहेर पडतानाही दिसत होतं. तिथून पुढं मात्र ते नाहीसं होत होतं. धबधब्याच्या तोंडाशी थेंबाचा पत्ता नव्हता.

“चढतंय हे नक्की,” थोरला म्हणाला. “उतरत का नाही, एवढंच बघायचं.”

थोरला लिफ्टा तपासायच्या नोकरीत होता आणि जगातल्या सगळ्या अडचणी त्याला या दोन क्रियापदांत बसवता यायच्या.

“कुठंतरी पाणी मुरतंय,” धाकटा म्हणाला. या घरात हे वाक्य आजवर शेकडो वेळा बोललं गेलं होतं, बहुधा कुणीतरी खोलीबाहेर गेल्यावर. त्याचा जसाच्या तसा अर्थ घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मिस्त्री, म्हणजे त्यांचे वडील, दगडांपुढं उकिडवे बसले होते. पाणी दगडांच्या मागून जातंय हे त्यांना पंप सुरू झाल्याच्या दुसऱ्या मिनिटाला कळलं होतं. दोन दगडांमधल्या फटी सिमेंटनं भरायच्या, याला ते दर्जा भरणं म्हणत, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एकही फट उघडी सोडली नव्हती. इथं मात्र त्या सोडल्या होत्या, कारण निसर्गात दर्जा भरलेल्या नसतात असं त्यांच्या मुलीनं, ताईनं, बजावलं होतं. पाण्याला समोरून जा म्हणायचं आणि मागं फट ठेवायची, तर ते मागूनच जाणार. माणसंही तेच करतात. पण गेले अडीच आठवडे मिस्त्रींनी स्वतःचं मत आणि स्वतःची हत्यारं, दोन्ही बाजूला ठेवली होती.

रविवार होता, सकाळचे साडेदहा. आज हे जमलं नाही तर सोमवारी सकाळी दहाला गाडी येणार होती आणि सरकारला घेऊन जाणार होती.

सरकार म्हणजे मिस्त्रींची बायको. हे नाव लग्नाच्या पहिल्या आठवड्यात पडलं. मिस्त्रींनी स्वयंपाकघरात मोठ्या हौसेनं बांधलेल्या ओट्याकडं बघून नवी नवरी नुसती हसली होती. ओटा तिच्या छातीला लागत होता. मिस्त्रींनी त्याच दुपारी तो फोडला आणि वीतभर उतरवून पुन्हा बांधला. सरकारचा हुकूम, असं ते तेव्हा म्हणाले, आणि पुढची पन्नास वर्षं म्हणत राहिले.

दीड वर्षापासून सरकारच्या डोक्यातून माणसं एकेक करून उठून चालली होती. ज्या क्रमानं आली त्याच्या उलट्या क्रमानं. आधी नातवंडं गेली, मग सून, मग धाकटा, ताई, थोरला. या रांगेत मिस्त्रींचा नंबर अगदी मागं होता, आणि त्यांना त्याचा छुपा अभिमानही होता. दुपारचे चार वाजले की सरकार एका कापडी पिशवीत कंगवा, टॉवेल आणि एकच चप्पल भरायच्या आणि मागच्या दारात जाऊन बसायच्या. “मला घरी सोडा,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. घर म्हणजे माहेर, ओढ्याकाठचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, पाच मिनिटं अंघोळीला गेली आणि सरकार पिशवीसकट निसटल्या. तीन तासांनी सापडल्या त्या चार चौक पलीकडच्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर. जुन्या टायरवर बसून त्या गाड्यांवरून ओघळणारं पाणी बघत होत्या. बाईंची गाडी आत धुवायला असेल, असं समजून मालकानं त्यांना चहासुद्धा दिला होता. त्या तीन तासांत त्यांनी एकदाही घरी सोडा म्हटलं नव्हतं.

तिथून ही कल्पना निघाली, आणि ती ताईची. ताई शाळेत भूगोल शिकवायची. आईला वाहतं पाणी हवंय, तिच्या लहानपणचा ओढा हवाय, तर तो मागच्या अंगणात आणू, एक तळं आणि त्यावर दगडांचा धबधबा, असा तिचा बेत. धाकटा शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. पंप, नळी आणि तळ्यात अंथरायचं रबरी कापड त्यानं आणलं. थोरल्याला हे काहीच पटलेलं नव्हतं. त्यानं शहराबाहेरच्या एका निवासात आईसाठी खोली बघून ठेवली होती. दुसऱ्या मजल्यावर होती, पण तिथली लिफ्ट त्यानं स्वतः तपासलेली होती. आईला घरीच ठेवायचं असं ठणकावून सांगणारे दोघं दुसऱ्या घरांत राहत होते, आणि पाठवायला हवं म्हणणारा तिच्यासोबत राहत होता. बहुतेक तत्त्वांचं असंच असतं. मिस्त्रींचं मत कुणी विचारलं नाही. दगड तेवढे आणून दिले.

तोडगा थोरल्यानं काढला. महिनाभरात धबधबा पुरा करायचा, आईला त्याच्यासमोर बसवायचं, एक तास. तासाभरात तिनं घरी सोडा म्हटलं नाही तर ती इथंच राहील, तो पुन्हा निवासाचं नाव काढणार नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गाडी.

“चाचणी म्हणजे चाचणी,” तो म्हणाला होता. “नंतर रडारड नको.”

तो महिना आज संपत होता.

खरं तर मिस्त्रींनी पहिला धबधबा नऊ दिवसांतच बांधला होता. वडिलांनी बाराव्या वर्षी त्यांच्या हातात ओळंबा दिला होता आणि सांगितलं होतं की माणूस खोटं बोलेल, ओळंबा बोलत नाही. तीन पिढ्यांच्या गवंडीकामात या घराण्याकडून एकच भिंत वाकडी झाली होती आणि त्या चुलत्याचा विषय घरात निघत नसे. तेव्हा त्या नऊ दिवसांत उभा राहिला तो धबधबा म्हणजे पाच पायऱ्या होत्या. प्रत्येक दगड घडवलेला, प्रत्येक पायरी सारख्या उंचीची, पाणसळ कुठंही ठेवा, तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध उभा.

“अप्पा, हा धबधबा नाही,” ताई म्हणाली होती. “हा पोहण्याच्या तलावाचा जिना आहे.”

जिना असेल तर कठडा लागेल, असं थोरल्यानं नोंदवलं. धाकट्यानं तळ्यात हौसेनं अकरा मासे सोडले. सिमेंट ओलं होतं, त्यातला चुना पाण्यात उतरत होता, हे त्याच्या धंद्यातल्या माणसाला कळायला हवं होतं आणि मिस्त्रींच्या धंद्यातल्या माणसालाही. दोघांनीही ते एकमेकांवर सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर अकरा पांढरी पोटं तरंगत होती.

त्या गडबडीत सरकार मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मासे त्यांना दिसलेच नाहीत. त्यांनी पाच पायऱ्यांकडं बघितलं, पहिलीपासून पाचवीपर्यंत नजर फिरवली आणि त्या हसल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “झऱ्यालासुद्धा रांगेत उभं केलंत?”

सगळ्यांनी ऐकलं. ताई म्हणाली, बघा, तिलासुद्धा पटलेलं नाही. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढं पन्नास वर्षांपूर्वीचा ओटा आला. सरकार हसल्या म्हणजे फोडायचं. त्याच दुपारी त्यांनी घण उचलला. स्वतःचं पक्कं बांधकाम फोडायला त्यांना दोन दिवस लागले, कारण ते त्यांनी बांधलेलं होतं.

दुसऱ्या खेपेला सगळ्या घरानं मिळून त्यांना सरळपणातून सोडवायचं काम हाती घेतलं. दारुड्याच्या घरातून बाटल्या हलवाव्यात तशी थोरल्यानं त्यांची पाणसळ, ओळंबा आणि काटकोन बघायचा गुण्या उचलून आपल्या गाडीच्या डिकीत टाकले आणि किल्ली खिशात ठेवली. ताईनं धडे दिले. मोठे दगड दोन्ही बाजूंना, तिसरा हिस्सा मातीत गाडलेले, जणू आधी दगडच होते आणि घर नंतर आलं. एकसारखे दोन दगड शेजारी नकोत. तीन धारा हव्यात, तिन्ही वेगवेगळ्या उंचीवरून. मिस्त्री मान डोलवत आणि दगड लावत. बाजूला होऊन बघितलं की दगड ओळीत असत. डोळे मिटून लावून बघितले, तरी हात चाचपून सरळ करी. एकदा पहाटे उठून त्यांनी आदल्या दिवशीचं सगळं नीट करून ठेवलं आणि ताईला ते पुन्हा बिघडवायला दिवस लागला.

शेवटी उपाय त्यांनी स्वतःच शोधला. उजवा हात खिशात घातला आणि डाव्यानं दगड लावायला सुरुवात केली. डाव्याला काही येत नव्हतं, म्हणून त्याला जमलं. दगड हातातून सुटेल तिथं सोडायचा, पडेल तसा राहू द्यायचा. दहा-बारा दिवसांत डावा हात असा काही अडाणी तयार झाला की ताईला टीका करायला जागा उरली नाही. उजवा मात्र कामावाचून बसला, आणि बसलेल्या म्हाताऱ्यांचं होतं तेच त्याचं झालं. तो थरथरायला लागला. कप बशीत ठेवताना खणखण वाजू लागला. वहिनीखेरीज ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि आता, शेवटच्या दिवशी, सगळं यथासांग वाकडं असताना, पाणी मागून जात होतं.

धाकट्यानं दुकानातून एक बाटली आणली होती. तिच्या नळीतून काळा फेस निघायचा, फटीत शिरायचा, फुगायचा आणि घट्ट व्हायचा. ओला असताना वर वाळू भुरभुरली की फट भरली आहे हे दिसतसुद्धा नाही.

“सिमेंट नाही, चुना नाही, माशांना धोका नाही,” धाकटा म्हणाला. अकरा माशांनंतर तो फार जपून बोलत असे. “पण अप्पा, एकच आहे. हा बसला की बसला. दगड फुटेल, पण सुटणार नाही.”

मिस्त्रींनी दगडांकडं एकदा बघितलं. सुटणार नाही असं काम त्यांनी जन्मभर केलं होतं, पण ते स्वतःला पटलेलं. मग त्यांनी बाटली घेतली आणि एकेक फट भरत वर गेले. थोरला खालून वाळू देत होता. तो का देत होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चाचणीत काही राहून गेलेलं त्याला आवडत नसे, एवढं खरं. मध्येच एकदा, अप्पा, तिथं डावीकडं अजून थोडं लागेल, असंही तो म्हणाला, आणि ताईनं वळून त्याच्याकडं पाहिलं तेव्हा खोकला.

जेवणं उरकली. फेस वाळायचा होता. मिस्त्रींच्या बोटांना तो काळा चिकटा बसला होता आणि साबणाला दाद देत नव्हता. वहिनी तेलाची वाटी घेऊन अंगणातल्या नळाशी त्यांच्यासमोर बसली आणि त्यांचं एकेक बोट चोळू लागली. वहिनीनं या सगळ्या महिन्यात कुठल्याही बाजूनं तोंड उघडलं नव्हतं. घरात काम ज्याच्याकडं असतं त्याला मत मांडायला वेळ नसतो.

“अप्पा, एक सांगू?” ती मान वर न करता म्हणाली. “सकाळी पाणी आलं नाही तेव्हा मला बरं वाटलं.”

तिनं पुढचं बोट धरलं.

“चौदा महिने झाले. सलग दोन तास झोपले नाहीये मी. एक दिवस माझा डोळा लागेल आणि त्या रस्त्यावर असतील. मी हे ह्यांना सांगितलं म्हणून त्यांनी निवास शोधला. लोकांना वाटतं, हेच दगड आहेत. बोलणारी मी होते.”

“दगड बरा असतो,” मिस्त्री म्हणाले.

वहिनीनं त्यांचा उजवा हात हातात घेतला. तो तिच्या तळव्यात फडफडत होता. तिनं तो थोडा वेळ दाबून धरला, मग सोडला.

“मघाशी मी पिशवी लपवली,” ती म्हणाली. “कंगवा, टॉवेल, सगळं. हाताला पिशवी लागली की त्यांना जायचं आठवतं. ही चाचणीत लबाडी झाली. ह्यांना सांगू नका.”

मिस्त्रींना हसू आलं. या घरात जी सर्वांत थकलेली होती तीच शेवटी त्यांच्या बाजूला आली होती.

चार वाजता सरकारला बाहेर आणलं. वेळ थोरल्यानंच ठरवली होती, कारण चाचणी नेहमी जास्तीत जास्त वजनावर घ्यायची असते. वेताच्या खुर्चीवर पाठीशी उशी देऊन त्यांना बसवलं. मिस्त्री शेजारच्या ओट्यावर टेकले. धाकट्यानं बटण दाबलं.

आधी नुसती घरघर. मग वरच्या दगडाच्या ओठावर पाणी जमलं, क्षणभर थबकलं, आणि पडलं. एक धार सरळ तळ्यात, एक मधल्या कपारीवर आपटून फुटलेली, तिसरी दगडाला चिकटून, शेवाळावरून उतरावी तशी बारीक. आवाजही तीन तऱ्हांचे आले आणि एकमेकांत मिसळले. माती, वाळू, दगड, सगळं ओलं होऊन एका रंगाचं झालं. हे कुणी कधी बांधलं असेल असं वाटेना. ताईनं डोळ्यांना पदर लावला. स्वतःच्या शिकवण्यानं काही घडलेलं बघायची तिला सवय नव्हती.

थोरल्यानं घड्याळ काढून हातात धरलं.

सरकार बघत होत्या. दहा मिनिटं गेली. वीस गेली. त्यांचे हात मांडीवर पिशवी चाचपायला गेले, पिशवी नव्हती, हात तिथंच राहिले. धाकटा मासे मोजायच्या निमित्तानं तळ्याशी वाकला. तळ्यात मासे नव्हते. पंचविसाव्या मिनिटाला वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपली. चाळिसाव्याला थोरल्यानं घड्याळ पालथं केलं. “किती झाले?” ताईनं खुणेनं विचारलं, तेव्हा त्यानं खांदे उडवले. चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसाचा चेहरा निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यापुढं उभ्या असलेल्या पोरासारखा झाला होता, आणि मिस्त्रींच्या लक्षात आलं की हा महिनाभर हरायची वाट बघत होता.

“छान आहे,” सरकार म्हणाल्या.

तळ्याशी वाकलेला धाकटा सरळ झाला.

“छान जागा आहे. कुणी केल्यासारखी नाही वाटत.”

“आवडलं?” मिस्त्रींनी विचारलं.

सरकार त्यांच्याकडं वळल्या. गाडी धुण्याच्या सेंटरच्या मालकाकडं बघितलं असेल तसं, चांगल्या मनानं आणि लांबून, त्यांनी बघितलं. “तुम्ही इथलेच का?”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “इथलाच.”

“बरं आहे तुमचं. आमच्याकडं पण आहे असं, मागच्या दारी. असं म्हणजे, असं नाही.” त्यांनी हात पुढं करून हवेत एक आडवी रेघ ओढली, मग तिच्याखाली दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. “सरळ. पाच पायऱ्या. आमच्या ह्यांनी बांधल्यात.”

पाणी पडत होतं.

“त्यांना वाकडं जमतच नाही,” सरकार म्हणाल्या. “काही बांधू द्या, रेघ मारल्यासारखं. लांबून बघितलं तरी कळतं, हे ह्यांचं. मी हसले त्या दिवशी. हसायला नको होतं. त्यांना वाईट वाटतं, बोलत नाहीत.” त्यांनी मांडीवर पुन्हा पिशवी शोधली. “उशीर झाला. मला घरी सोडता का कुणी? ते वाट बघत असतील.”

थोरल्यानं घड्याळाकडं पाहिलं नाही. बावन्न मिनिटं झाली होती. ते मिस्त्रींना नंतर कळलं. ताई तोंडावर हात ठेवून आत निघून गेली.

“अगं, मीच तो,” मिस्त्री म्हणाले. “मीच बांधल्या होत्या. हेही मीच बांधलंय.”

सरकार हसल्या. भोळ्या माणसाला दुखवू नये तसं हसल्या. “नाही हो,” त्या म्हणाल्या. “हे त्यांचं नाही.”

मिस्त्री उठले. “डिकी उघड,” ते थोरल्याला म्हणाले. इतकी वर्षं त्यांनी थोरल्याला हुकूम दिला नव्हता. थोरला धावत गेला, चाळिशीच्या गुडघ्यांनी नव्हे, दहाच्या गुडघ्यांनी, आणि पाणसळ घेऊन आला. मिस्त्री तळ्यात उतरले. वरच्या दगडाच्या ओठाला दोन्ही हात घातले आणि ओढला. थोरला बूट-मोज्यांसकट मागून पाण्यात आला, त्यानं पहारीचं टोक फटीत घालून जोर लावला. दगड हलला नाही. फेस आपलं काम चोख करत होता. पहार जराशी खाली सरकली तेव्हा धाकटा म्हणाला, दादा, खालचं रबर फाटेल, आणि मग म्हणाला, फाटू दे, आणि स्वतःही पाण्यात उतरला. तिघांनी मिळून ओढलं. दगडाचा कपचा उडाला, बाकीचा जागच्या जागी. धारांना थोडा फरक पडला, तोही बऱ्यासाठीच. आता ते आणखी नैसर्गिक दिसू लागलं.

कडेला एक दगड सुटा पडला होता, उरलेला. मिस्त्रींनी तो सरकारच्या खुर्चीपुढं आणून मातीत ठेवला. उजव्या हातानं. पाणसळ त्याच्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला गेला. त्यांनी दगडाखाली कपची सारली, बुडबुडा दुसऱ्या टोकाला गेला. त्यांनी कपची काढली. हात थरथरत होता आणि त्याच्याबरोबर दगड, आणि दगडाबरोबर बुडबुडा. तो दोन रेघांच्या मधून जाई आणि थांबत नसे. साठ वर्षांत हे काम त्यांना कधी एका श्वासापेक्षा जास्त लागलं नव्हतं. मुलगे पाण्यात उभे राहून बघत होते. कुणी पुढं झालं नाही, कारण कुणाच्याही हातानं केलं तर ते चालणार नव्हतं.

सरकार वाकून त्यांची खटपट बघत होत्या. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी मिस्त्रींच्या मनगटावर हात ठेवला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “हे तुम्हाला नाही जमायचं. आमच्या ह्यांना बोलवा. ते दोन मिनिटांत करतील.”

मिस्त्री गुडघ्यांवर बसून राहिले. मग त्यांनी पाणसळ उचलली, सदऱ्याला पुसली आणि थोरल्याच्या हातात दिली.

“बोलावतो,” ते म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांनी तिला अगं-तुगंच केलं होतं. आता त्यांनी मान खाली घालून, परक्या बाईशी बोलावं तसं म्हटलं, “उद्या दहा वाजता गाडी येईल. तिच्यात बसा तुम्ही. ती तुम्हाला घरी सोडेल.”

“ते असतील ना तिथं?”

मिस्त्रींनी आयुष्यात कधी उभ्याची आडवी केली नव्हती, ना भिंतीत, ना बोलण्यात. “असतील,” ते म्हणाले. “दारातच असतील.”

सरकारचा जीव भांड्यात पडला. त्या पुन्हा खुर्चीत रेलल्या. दारातली वहिनी जागी होऊन, काय झालं ते न विचारता, आत गेली आणि लपवलेली पिशवी घेऊन बाहेर आली. तिनं ती सासूच्या मांडीवर ठेवली. तिच्यात तिनं दुसरी चप्पलही घातली होती.

“तुम्हीही जा आता,” सरकार मिस्त्रींना म्हणाल्या. “किती वेळ ओल्यात बसलात. तुमच्याही घरी वाट बघत असेल कुणी.”

“हो,” मिस्त्री म्हणाले.

धाकट्यानं पंपाच्या बटणापाशी जाऊन थोरल्याकडं पाहिलं, थोरल्यानं मिस्त्रींकडं.

“चालू राहू दे,” मिस्त्री म्हणाले. “त्या बघतायत.”